हरणीचं तोंड कुणी धुतलं

दौंडच्या आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा येणारा माणूस इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मशीन कुठंय?" मी त्याला थर्मासची पेटी दाखवते. लोक हसतात. हसतील त्यांचे दात दिसतील. माझं काम त्यावाचून अडत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्या आणि एक ओटा. जनावरांचे रोग ओळखायचे, हे काम. दोन हजार पाचचं साल होतं आणि लाईट मनात येईल तेव्हा जायची. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, म्हणजे बुळकांडीसारखा साथीचा रोग, ओळखायचा तर त्यांच्या नाकातला शेंबूड बोळ्यावर घ्यायचा, बर्फात घालून पुण्याला पाठवायचा आणि वाट बघत बसायचं, अशी रीत होती. पीपीआरचा विषाणू आरएनए जातीचा. जनावराच्या अंगात असतो तोवर वाघ, बाहेर पडला की अगदी नाजूक. ऊन त्याला सोसत नाही, साबण सोसत नाही. बर्फ केडगावच्या पुढे पाणी व्हायचा आणि पुण्याहून उत्तर यायचं तेव्हा निम्मा कळप गेलेला असायचा.

म्हणून मी बर्फ सोडला. शेंबूड जाड टिपकागदाच्या पट्टीवर घ्यायचा, सावलीत वाळवायचा, पाकिटात घालून आणायचा. विषाणू मेला तरी त्याचा माग वाळलेल्या कागदात टिकून राहतो, आणि आम्हाला मागच काढायचा असतो. दहा जनावरांच्या पट्ट्यांचे तुकडे एकाच नळीत भिजवायचे, म्हणजे एका किटमध्ये तालुका निघतो. दहांतलं एक जरी रोगी असलं तरी किटमधल्या खळग्यांच्या प्लेटवर नारिंगी रंग चढतो. प्लेटला अंगाएवढी ऊब लागते, ती मी कोमट पाणी भरलेल्या थर्मासच्या पेटीत देते. लाईट असो वा नसो. पुण्याचे आमचे मोठे साहेब याला 'अनुपमाबाईंची चूल' म्हणत. म्हणोत बापडे. चुलीवरचं खाऊनच ते मोठे झाले होते.

बानूबाई त्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर बसून होत्या. साठीच्या, काटक, हातात चांदीचे कडे. त्यांचं घर आणि थोडा माळ शिरूरच्या वरच्या अंगाला. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागलेला. तरी उन्हाळ्यात तिकडचं पाणी आटलं की बानूबाई, त्यांचे यजमान आबा आणि सून रुपाली मेंढरं घेऊन बाहेर पडत. सध्या वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, निमोण्याला तात्याबांच्या रिकाम्या रानात होता. मेंढरं रात्री रानात बसवायची, लेंडीखत रानाला मिळतं, बदल्यात धान्य घ्यायचं. तो करार संपला होता. उद्या पहाटे त्यांना खुटबावच्या वाटेला लागायचं होतं.

खुटबावला त्यांची लेक धुरपदा दिलेली होती. ती नुकतीच बाळंत झाली होती, पोरगा. आणि बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, कारण बानूबाई पोचायच्या होत्या.

"आमच्या घरात आजीची मेंढी दाराशी आल्याबिगर पाळण्याला दोरी लागत न्हाई," त्यांनी मला सांगितलं होतं. ती मेंढीही ठरलेली होती. हरणी नावाची, गळ्यात लाल गोंडा बांधलेली.

अडचण एकच. बानूबाईंच्या वाड्यात चार मेंढ्या मेल्या होत्या आणि ती बातमी त्यांच्या आधी खुटबावला पोचली होती. तिथल्या लोकांनी सांगितलं, डॉक्टरचा कागद आणा, मगच मेंढरं शिवेच्या आत. खुटबाव माझं माहेर. आमचे लोक एकदा नाही म्हणाले की नाही.

मी निमोण्याला जाऊन आले होते, निरोप पाठवून, वेळ ठरवून. चारपाच मेंढ्यांना ताप होता, हगवण होती आणि तो वास होता. पीपीआरच्या हगवणीचा वास एकदा नाकात गेला की जन्मात विसरत नाही. बानूबाईंचं म्हणणं, कोवळी ज्वारी बाधली. मी वाद घातला नाही, पट्ट्या घेतल्या आणि आले. त्या तपासल्या, तर प्लेटचे सगळे खळगे पाण्यासारखे कोरे.

"बाई, झाला का कागद?" बानूबाईंनी दारातून विचारलं.

"नाही."

"आवं, काय न्हाई निघालं म्हनला न्हवं तुमी?"

"काही निघालं नाही, म्हणूनच देत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ती ज्वारी खाल्ली होती.

पुण्याला फोन लावला. साहेब चहा घेत असावेत, कपबशीचा आवाज येत होता. "अनुपमाबाई, दहांची खिचडी केली की हे असंच व्हायचं. कमी विषाणू असला की तुमच्या नळीत हरवणार. निगेटिव्ह आहे ना, मग निगेटिव्ह म्हणून सही करा आणि मोकळ्या व्हा."

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या दौंडला ठाऊक आहे. "साहेब, माझी खिचडी नीट शिजलेली आहे. तांदळातच काहीतरी गडबड आहे."

"मग निवडा तांदूळ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हटलं, निवडते. आधी चुलीवरचा आरोप खोडून काढायला हवा होता. गेल्या वर्षीची एक पट्टी माझ्याकडे जपून ठेवलेली होती, पक्की पीपीआरची. तिचा नखाएवढा तुकडा कापला, नऊ निरोगी मेंढ्यांच्या पट्ट्यांत मिसळला आणि प्लेट पेटीत ठेवली. मधे लाईट गेली. मला कळलंही नाही, पंखा थांबला तेव्हा लक्षात आलं. पेटी उघडली, शेवटचा थेंब टाकला आणि रंग चढला. संत्र्याच्या सालीसारखा, टवटवीत. दहांत एक असली तरी माझी प्लेट ओळखते, यात शंका उरली नाही. मग बिघाड प्लेटच्या आधी कुठेतरी होता.

मी निमोण्याच्या पट्ट्या उजेडात धरल्या. सगळ्या पिवळसर होत्या. शेंबूड पिकला की पिवळा होतो, त्यात नवल नाही. पण हा पिवळा फार सारखा होता, आजारी मेंढीच्या पट्टीवर आणि ठणठणीत मेंढीच्याही पट्टीवर. स्वयंपाकघरातल्या फडक्यासारखा. वास घेतला. काचेच्या नळ्या धुवायला मी धुण्याचा सोडा वापरते, त्याच्या पाण्याचा एक थेंब पट्टीवर टाकला.

पट्टी कुंकवासारखी लाल झाली.

हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे मला आईनं शिकवलं, कॉलेजनं नाही. सोड्यानंही तेच होतं. मी दुसऱ्या पट्टीवर थेंब टाकला, तिसरीवर टाकला. सगळ्यांच्या कपाळी कुंकू.

"बानूबाई, आत या. मेंढ्यांच्या नाकाला हळद लावली होती?"

"लावली न्हाई. धुतली," त्या आत येत म्हणाल्या. "हळद, तुरटी आन् लिंबाचा पाला उकळून. नाकं, तोंडं, डोळं. तुमी येनार म्हनून निरोप आल्ता न्हवं? रुपाली आन् मी तांबडं फुटायच्या आधीपासनं बसलो व्हतो. समद्या मेंढरांची धुतली, एक न्हाई ठिवली."

"का पण?"

"का म्हंजी?" आता त्यांना राग आला. "पावण्यापुढं शेंबडी मेंढरं उभी करायची व्हय? लोक काय म्हनतील, धनगराच्या घरात पानी न्हाई? तुमी सरकारी मानूस, यवढ्या लांबनं येनार. आमी काय रीतभात सोडली का?"

मला संतापायचं होतं, पण हसू फुटलं. घरी पाहुणे आले की माझी आई पदराचं टोक जिभेला लावून माझं तोंड पुसायची, नाक लाल होईपर्यंत. त्याच मायेनं या दोघींनी अख्ख्या कळपाचा विषाणू पुसून टाकला होता. राहिलासाहिला तुरटीनं आवळला.

"बानूबाई, मला शेंबूडच हवा होता," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. पण मी पुन्हा पट्ट्या घ्यायला निघाले तेव्हा जीपमध्ये चढल्या.

न्हावऱ्याच्या पुढे रस्त्याला खड्डे होते. बानूबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "ज्वारीच हाय ती. उगा पेट्रोल जाळताय." त्यांना ज्वारी हवी होती, कारण ज्वारी असती तर उद्या खुटबाव होतं. हे मलाही कळत होतं.

तात्याबांचं रान दिसायला लागलं तसं आधी कुत्री भुंकली. मग रुपाली उठून उभी राहिली. तिनं सरकारी जीप ओळखली, डोक्यावर पदर घेतला आणि धावत जाऊन तीन दगडांवरची हळदीच्या पाण्याची बादली उचलली.

"अगं, बादली ठेव खाली!" मी जीपमधूनच ओरडले.

तिला वाटलं, मी घाई करायला सांगतेय. ती आणखी जोरात पळाली. पहिल्या मेंढीचं तोंड तिनं बगलेत धरलं, फडकं बुडवलं. मी चालत्या जीपचा ब्रेक दाबला, दार उघडं टाकलं आणि ढेकळांतून चप्पल हातात घेऊन धावले. आयुष्यात मी कुठल्या विषाणूमागे इतकी पळाले नव्हते. फडकं मेंढीच्या नाकापासून वीतभर असताना मी रुपालीचं मनगट पकडलं.

त्या मेंढीच्या गळ्यात लाल गोंडा होता.

हरणीच्या डोळ्यांना चिपडं आली होती. नाकातून दोरीसारखा शेंबूड लोंबत होता आणि ओठ उलटा केल्यावर हिरडीवर कोंडा भुरभुरल्यासारखे पांढरट चट्टे दिसले. काल संध्याकाळपर्यंत चांगली चरत होती, रुपाली म्हणाली. मी पट्टी काढली. मागे वळून बघितलं तर बानूबाईंनी पदर तोंडावर ओढला होता आणि पाठ फिरवून उभ्या होत्या.

"बाई, लेकीला द्यायची मेंढी अशी कुनी बघू नये," त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या.

"मी पाहुणी नाही. मी डॉक्टर आहे. मला अशीच बघायचीय."

हरणीची पट्टी घेतली, शेजारच्या नऊ बऱ्या दिसणाऱ्या मेंढ्यांच्या घेतल्या. पट्ट्या झाडाखाली वाळत होत्या, तेवढ्यात मोटारसायकलवरून तात्याबा आले. रानाचे मालक, सोसायटीत दोनदा निवडून आलेले, आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा.

"मॅडम, ह्यांचा कागद झाला का? उद्या पहाटं रान मोकळं पायजे. माज्या शेळ्या शिंकायला लागल्यात यांच्या मेंढरांनी."

"शेळ्या कधी घेतल्या, मामा?"

"बाजारातनं आनल्यात मागल्या पंधरवड्यात. का?"

"त्यांच्याही नाकातलं घेते."

"माज्या शेळ्यांचं कशाला? रोग ह्यांनी आनलाय!"

"कुणाकडून कुणाकडे गेला ते माझी प्लेट सांगत नाही," मी म्हटलं. "आज कुणाच्या नाकात आहे तेवढं सांगते, आणि ते अचूक सांगते. मामा, ही मेंढरं हाकलली की ती रस्त्यानं जाणार. प्रत्येक पाणवठ्यावर तोंड लावणार. मग न्हावरं, पारगाव, केडगाव, आणि ज्या बाजारातून तुम्ही पुढच्या शेळ्या आणणार तो बाजार. माझं उत्तर येईपर्यंत इथून एक खूर हलायचा नाही. संध्याकाळी तुमच्या घरी फोन करते."

तात्याबांना कुणी असं बोलत नसावं. ते काहीतरी म्हणणार होते, पण त्यांच्या गोठ्याकडून शेळीची शिंक ऐकू आली आणि त्यांनी मोटारसायकल तिकडे वळवली.

दौंडला पोचले तेव्हा लाईट नव्हती. मी पाणी गॅसवर कोमट केलं, थर्मासची पेटी भरली आणि दोन नळ्या लावल्या. एकीत हरणी आणि तिच्या नऊ शेजारणी, दुसरीत तात्याबांच्या शेळ्या. प्लेट आत ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. उत्तर काय येणार याबद्दल मला शंका नव्हती. बानूबाईंना ते कसं सांगायचं, एवढंच कळत नव्हतं. ज्या बाईनं माझ्यासाठी अख्ख्या कळपाची तोंडं धुतली तिला मी सांगणार होते की लेकीकडे जाऊ नका.

उन्हं उतरली तेव्हा दोन्ही नळ्यांचे खळगे नारिंगी झाले होते.

फोन तात्याबांनीच उचलला.

"मामा, पीपीआर आहे. मेंढ्यांत आहे, तुमच्या शेळ्यांतही आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, "मग आता?"

"आता तीन आठवडे कुणी हलायचं नाही. आजारी वेगळ्या काढा. औषध घेऊन मी उद्या येते. त्यांची मेंढरं तुमच्या रानात राहतील आणि पाणी तुमच्या विहिरीवरून घेतील."

"ऱ्हाऊ द्या," तात्याबा म्हणाले. "आता एकाच दावनीला बांधलोय आमी. म्हातारी हितंच उंबऱ्यावर बसलीय, तिला द्येतो."

बानूबाईंनी फोन उलटा धरला असावा, कारण आवाज आधी लांबून आला, मग एकदम कानात.

"डाक्टरीणबाई, खरं सांगा. हरणीला हाय?"

"आहे."

"म्हंजी म्या माज्या लेकीच्या दारात मरान घिऊन चालले व्हते?"

मी म्हटलं, "चालला होतात. आता नाही. उद्या सकाळी मी आधी खुटबावला जातेय. धुरपदाच्या सगळ्या मेंढरांना लस टोचते, गावातल्या शेळ्यांनाही. एक ठेवत नाही."

"आन् बारसं?"

"थांबेल की."

पलीकडे त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "थांबंल. नाव काय, उशिरा ठिवलं तरी जल्मभर पुरतंच."

खुटबावला धुरपदानं बाळाला कडेवर घेऊनच मेंढरं धरली. एका हाताने मेंढीचा कान, दुसऱ्या हाताने पोरगं. पोराला तोवर सगळे 'पावणं' म्हणत होते. माझ्या माहेरची माणसं लसीला कुरकुरत आली, पण आली. नाही म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. लस चढायला दिवस लागतात आणि त्या दिवसांत बाहेरचा रोग आत येता कामा नये. तो येणार नव्हता. तो निमोण्याला तात्याबांच्या रानात अडकून पडला होता आणि बानूबाई त्याच्यावर राखण बसल्या होत्या.

त्यांची वीसेक मेंढरं गेली. तात्याबांच्या निम्म्या शेळ्या गेल्या. दोघांनी मिळून एकच खड्डा खणला, चुना टाकला. हरणी आठवडाभर उठली नाही. रुपाली तिला वाटीनं पेज पाजत होती. मग एका सकाळी ती आपल्या पायांवर उभी राहिली आणि तात्याबांच्या बांधावरचा मका खाऊन आली. तात्याबा ओरडले नाहीत.

खुटबावात एकही मेंढी शिंकली नाही.

पुण्याच्या साहेबांनी माझ्या पट्ट्या आपल्या मोठ्या मशीनवर घालून बघितल्या. मशीननं तेच सांगितलं, जरा जास्त वीज खाऊन. त्यांचा फोन आला. "अनुपमाबाई, ती तुमची खिचडीची रीत लिहून पाठवा. बाकीच्या तालुक्यांना देऊ."

"पाठवते. पहिली सूचना मात्र वाचून हसू नका, साहेब."

"काय आहे?"

"निरोप न देता जा."

साहेब हसले. हसू दिलं.

मुदत संपली, नवा आजारी सापडला नाही, तेव्हा कागदावर मी सही केली आणि बानूबाईंची मेंढरं भीमेचा पूल ओलांडून खुटबावला आली. बारशाला मला बोलावणं होतं. दारात रांगोळी, आत बायकांची गर्दी, आणि अंगणात बानूबाई नवं लुगडं नेसून हरणीची दोरी धरून उभ्या होत्या. हरणीच्या गळ्यात नवा गोंडा होता. पण तोंड? तोंडावर सगळ्या वाटेची धूळ, ओठाला चिकटलेला हिरवा चारा, नाकाखाली मातीची मिशी. आलेल्या बायका बघून पदराआड हसत होत्या.

बानूबाईंच्या कानावर ते हसू पडत होतं. त्यांची मान ताठ होती.

"बघा," त्या मला म्हणाल्या. "लोक हसत्यात. पर तुमी बघितल्याबिगर म्या पानी लावलं न्हाई. वाटंत रुपाली दोनदा फडकं घिऊन आली, दोनदा हाकलली."

मी वाकले. हरणीचा ओठ उलटा केला, हिरड्या बघितल्या, गुलाबी. डोळे स्वच्छ. नाकपुड्या कोरड्या, श्वास गवताचा. पिशवीत पट्ट्या होत्या, पण काढल्या नाहीत.

धुरपदाकडे तांब्याभर पाणी मागितलं. साडीचा पदर बुडवला आणि मी हरणीचं तोंड धुतलं. आधी नाक, मग ओठ, मग डोळ्यांच्या कडा, आईनं माझं पुसलं तसं, जरा रगडूनच. हरणी दोनदा मान झटकून शिंकली आणि माझ्या साडीवर पाणी उडालं.

बानूबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं.

"आता कसं," त्या म्हणाल्या. "पावण्यापुढं उभी ऱ्हायजोगी झाली." आणि दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, "धुरपदे, आजीची मेंढी आली गं! बांध पाळण्याला दोरी."